पॉपअप अडवला गेला हे जावास्क्रिप्टने कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘पैसे भरा’ या बटणावर क्लिक झालं की कोड आधी सर्व्हरकडून पेमेंटच्या पानाचा पत्ता मागवतो आणि तो आला की विंडो.ओपन (नवी विंडो उघडण्याची आज्ञा) करतो. काहींकडे नवी विंडो उघडते, काहींकडे काहीच होत नाही. म्हणून एक जुना, बराच फिरलेला तोडगा लावला: अर्धा सेकंद थांबायचं आणि नव्या विंडोची इनरहाइट (आतली उंची) शून्य आहे का ते बघायचं. आता विंडो व्यवस्थित उघडलेली असतानाही ‘पॉपअप ब्लॉकर बंद करा’ असा इशारा येतोय. तर मग खात्रीचा मार्ग कोणता?

यात दोन वेगळे प्रश्न आहेत. अडवलं गेलं हे ओळखणं एका ओळीचं काम आहे. पण तुमच्या वर्णनावरून बहुतेक वेळा विंडो अडवली जातेय ती तुमच्याच कोडच्या क्रमामुळे. ग्राहकाने काही वेगळी सेटिंग केली आहे म्हणून नव्हे. त्यामुळे ओळखण्याचा कोड कितीही चांगला लिहिला तरी तक्रारी थांबणार नाहीत. दोन्ही बघू.

आधी ओळखणं. विंडो.ओपन जे परत देतं ते एका व्हेरिएबलमध्ये घ्या, समजा त्याचं नाव ‘विन’, आणि पुढच्याच ओळीत तपासा: विन रिकामं आहे का, किंवा विन.क्लोज्ड ट्रू आहे का. दोन्हींपैकी काहीही खरं असेल तर विंडो उघडली नाही असं समजा. आजचे क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी विंडो अडवली की नल (म्हणजे ‘काहीच नाही’) परत देतात, तेही तिथल्या तिथे. काही जुने ब्राउझर नलऐवजी अनडिफाइन्ड द्यायचे, म्हणून नलशी काटेकोर तुलना करण्यापेक्षा व्हेरिएबलच्या आधी नकाराचं चिन्ह लावून तपासणं बरं. सेटटाइमआउट नको, थांबणं नको.

मग तो इनरहाइटचा तोडगा आला कुठून? एकेकाळी क्रोम अडवलेला पॉपअपसुद्धा आतल्या आत तयार करून लपवून ठेवत असे. ग्राहकाला काही दिसत नसे, पण कोडच्या हाती ऑब्जेक्ट यायचा, नल नव्हे. त्या लपलेल्या विंडोची उंची शून्य असायची आणि हे कळायला थोडा वेळ द्यावा लागायचा. त्या काळासाठी ती युक्ती ठीक होती. आज तिची गरज नाही, आणि तुमच्याकडे ती नुकसानच करतेय. कसं ते बघा. विंडो.ओपन झाल्या क्षणी नव्या विंडोत कोरं पान असतं आणि त्याचा ओरिजिन (पान कोणत्या साइटचं आहे ती ओळख) तुमच्याच पानाचा असतो, म्हणून इनरहाइट वाचता येते. (तेव्हाही विंडोची मांडणी व्हायच्या आत विचारलं तर शून्य येऊ शकतं.) अर्ध्या सेकंदात पेमेंटचं पान तिथे आलं की ओरिजिन बदलतो, आणि दुसऱ्या ओरिजिनच्या विंडोची इनरहाइट वाचायला गेलात की सिक्युरिटीएरर फेकला जातो. तुमच्या कोडमध्ये ट्राय-कॅच (एरर पकडायची सोय) आहे आणि कॅचमध्ये ‘अडवलं गेलं’ असं धरलेलं आहे. म्हणजे ज्याचं इंटरनेट वेगवान त्याला चुकीचा इशारा, आणि ज्याचं हळू त्याला नाही. ‘कधी येतो, कधी येत नाही’ असं जे वाटतंय त्याचं कारण हेच.

दुसऱ्या ओरिजिनच्या विंडोबद्दल तुम्हाला फार थोडं विचारता येतं: क्लोज्ड वाचता येतं, लोकेशन बदलता येतं (वाचता येत नाही), फोकस, ब्लर, क्लोज आणि पोस्टमेसेज (निरोप पाठवणं) वापरता येतात. उंची, रुंदी, डॉक्युमेंट, शीर्षक यांतलं काही नाही. तपासणी लिहिताना या यादीबाहेर जाऊ नका.

ट्राय-कॅच ठेवायचाच असेल तर विंडो.ओपनभोवती ठेवा, पण एरर आला म्हणजे पॉपअप अडवला असा अर्थ लावू नका. पत्ता वाकडातिकडा असेल आणि त्याचा अर्थच लागत नसेल तर विंडो.ओपन सिंटॅक्सएरर फेकतं. ती तुमच्या डेटातली चूक असते. तिचा दोष ग्राहकाच्या ब्राउझरला देऊ नका.

आता ‘नल आला म्हणजे अडवलं’ हे कुठे खोटं ठरतं ते सांगतो. सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे नोओपनर, म्हणजे नव्या विंडोचं उघडणाऱ्या पानाशी नातं ठेवू नका अशी सूचना. विंडो.ओपनच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये नोओपनर किंवा नोरेफरर लिहिलं की विंडो छान उघडते आणि तरीही परत नलच येतो; स्टँडर्डच तसं आहे. सुरक्षेच्या तपासणीत कोणीतरी ‘नोओपनर लावा’ असा शेरा मारतो, तो लावला जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला ‘पॉपअप अडवला’ दिसू लागतं. अडवलं का हे कळायला हवं असेल तर नोओपनर वापरता येत नाही. त्याऐवजी आधी कोरी विंडो उघडा, विन.ओपनर नल करा, मग तिला बाहेरचा पत्ता द्या. नव्या पानाला तुमच्या पानापर्यंत पोहोचता येत नाही आणि तुमच्या हातात मात्र विन राहतं.

दुसरं कारण आयफ्रेम, म्हणजे एका पानाच्या आत बसवलेलं दुसरं पान. तुमचं पान कोणाच्या सँडबॉक्स (आतल्या पानावरची बंधनं) लावलेल्या आयफ्रेममध्ये चालत असेल आणि त्या सँडबॉक्समध्ये अलाऊ-पॉपअप्स नसेल, तर विंडो.ओपन नेहमीच नल देणार. ग्राहकाने ब्राउझरमध्ये कितीही परवानग्या दिल्या तरी फरक पडत नाही. ज्याने आयफ्रेम टाकली आहे त्याने ती सूट द्यायला हवी. क्रोमच्या कन्सोलमध्ये यासाठी वेगळा संदेश येतो, त्यात सँडबॉक्सचा स्पष्ट उल्लेख असतो, म्हणून तक्रार आली की आधी कन्सोल बघा. तुम्ही आयफ्रेममध्ये आहात का हे विंडो.सेल्फ आणि विंडो.टॉप एकच आहेत का यावरून कळतं. वेगळे असतील तर ग्राहकाला ‘पॉपअप ब्लॉकर बंद करा’ हे सांगूच नका, तो उगाच सेटिंग शोधत बसेल.

तिसरं, मोबाइल ॲपमधलं वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आतच वेबपान दाखवणारा ब्राउझर. आयओएसच्या डब्ल्यूके-वेबव्ह्यूमध्ये नवी विंडो बनवायचं काम ॲपने स्वतः हाताळलेलं नसेल तर विंडो उघडतच नाही. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये अनेक विंडोंची सोय मुळात बंद असते आणि तेव्हा नवा पत्ता तुमच्याच पानाच्या जागी येऊ शकतो. चॅट किंवा सोशल मीडियाच्या ॲपमधून लिंक उघडणारे बरेच जण अशाच वेबव्ह्यूमध्ये असतात, तेव्हा हा कोपऱ्यातला प्रकार समजू नका. आणखी एक छोटी गोष्ट: पान बंद होताना, म्हणजे अनलोडच्या हँडलरमध्ये, विंडो.ओपन केलं तर नलच मिळतो. तिथे ते करूच नये.

उलटही होतं: नल आला नाही, तरी ग्राहकाला काही दिसलं नाही. काही जाहिरात-रोधक एक्स्टेंशन विंडो उघडू देतात आणि लगेच टॅब बंद करतात. काही तर विंडो.ओपनच बदलून टाकतात आणि एक खोटा ऑब्जेक्ट हातात देतात. पहिल्या प्रकारासाठी ५०० मिलिसेकंदांनी विन.क्लोज्ड पुन्हा एकदा बघणं हा पुरेसा उपाय आहे. लक्षात घ्या, इथे थांबून फक्त क्लोज्ड बघायचंय, उंची नाही. दुसऱ्या प्रकाराला खात्रीचं औषध नाही, म्हणून खाली सांगितलेली लिंक पानावर कायम ठेवलेली बरी.

आणि नावाचा गोंधळ. विंडो.ओपनच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये दिलेल्या नावाची विंडो आधीपासून उघडी असेल तर ब्राउझर नवी उघडत नाही, त्याच विंडोत नवा पत्ता टाकतो. ती मागे कुठेतरी दडलेली असेल तर ग्राहक म्हणतो ‘काहीच झालं नाही’ आणि तुमचा तपास म्हणतो ‘सगळं ठीक’. लगेच विन.फोकस करा. नावात ऑर्डरचा क्रमांक घालणं चांगलं: त्याच ऑर्डरवर दोनदा क्लिक झालं तर एकच विंडो वापरली जाते आणि दोन वेगळ्या ऑर्डर एकमेकींवर चढत नाहीत.

इथवर ओळखण्याचं झालं. आता विंडो मुळात कशामुळे अडते, ते बघू.

ब्राउझर विंडो.ओपनला परवानगी देतात ती ‘माणसाने नुकतंच काहीतरी केलं आहे’ या आधारावर. याला युजर ॲक्टिव्हेशन म्हणतात. माउसचं बटण दाबणं, कीबोर्डवरची कळ दाबणं (एस्केप सोडून), स्पर्श करून बोट उचलणं, यांनी ते सुरू होतं. माउस नुसता फिरवणं किंवा स्क्रोल करणं चालत नाही. स्क्रिप्टने स्वतःहून पाठवलेला क्लिक इव्हेंटही चालत नाही. ‘बटणावर कोडने क्लिक करून बघतो’ ही युक्ती म्हणूनच फसते.

हे ॲक्टिव्हेशन अल्पायुषी असतं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मुदत साधारण ५ सेकंदांची आहे. सफारी पॉपअपच्या बाबतीत बरंच कडक आहे. क्लिक आणि विंडो.ओपन यांच्यामध्ये सर्व्हरची फेरी आली की तिथे विंडो अडणार असंच धरून चाला. त्यातही विंडो.ओपन हे ॲक्टिव्हेशन खर्च करून टाकतं. एका क्लिकवर दोन विंडो उघडायला गेलात तर पहिली उघडते आणि दुसरी अडते. ‘पावती आणि बिल एकदम उघडा’ अशी मागणी आली की हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आता तुमच्या कोडकडे बघा. क्लिक झालं, घड्याळ सुरू झालं. फेचने रिक्वेस्ट गेली. ऑफिसातल्या इंटरनेटवर उत्तर ३०० मिलिसेकंदांत येतं, क्रोममध्ये विंडो उघडते, तुम्ही खूश. ग्राहकाकडे मोबाइलचं नेटवर्क, त्यात पेमेंटच्या सर्व्हरने ऑर्डर तयार करायला वेळ लावला, उत्तर सातव्या सेकंदाला आलं. तोवर ॲक्टिव्हेशन संपलेलं. ब्राउझरच्या नजरेने हे पान आता कोणी न मागता विंडो उघडू पाहतंय, आणि त्याने ती अडवली. ब्राउझरची काही चूक नाही. आयफोनवर तर उत्तर याहून लवकर आलं असतं तरी विंडो अडली असती.

असाच प्रकार फ्रेमवर्कमध्ये वेगळ्या रूपात येतो. क्लिकच्या हँडलरमध्ये फक्त स्टेट बदलायची आणि विंडो.ओपन एखाद्या इफेक्टमध्ये (स्टेट बदलल्यावर नंतर चालणाऱ्या कोडमध्ये) ठेवायचं, अशी रचना दिसायला नीटनेटकी असते. क्रोममध्ये बहुधा चालूनही जाते. पण क्लिकपासून विंडोपर्यंतचा धागा तुटलेला असतो. विंडो.ओपन क्लिकच्या हँडलरमध्येच, आणि कोणत्याही अवेटच्या (उत्तराची वाट बघणाऱ्या ओळीच्या) आधी, हा नियम ठेवा. मध्ये कन्फर्मचा डायलॉगही नको. माणूस तो वाचेपर्यंत मुदत संपू शकते.

आयफ्रेममध्ये आणखी एक खाच आहे. मुख्य पानावर क्लिक झालं तर त्याचं ॲक्टिव्हेशन दुसऱ्या ओरिजिनच्या आयफ्रेमला मिळत नाही. मुख्य पानाने पोस्टमेसेजने आयफ्रेमला ‘आता विंडो उघड’ असं सांगितलं तर ती अडणारच. आयफ्रेममधल्या क्लिकचं ॲक्टिव्हेशन मात्र वरच्या पानांनाही मिळतं. म्हणजे बटण जिथे आहे तिथूनच, किंवा त्याच्या वरच्या पानातून विंडो उघडायची.

तुमच्याकडे नेमकं काय होतंय हे अंदाजाने ठरवू नका. विंडो.ओपनच्या बरोबर आधी नॅव्हिगेटर.युजरॲक्टिव्हेशन.इझॲक्टिव्ह याची किंमत नोंदवून ठेवा, आणि अडवलं गेलं की ती लॉगमध्ये पाठवा. फायरफॉक्समध्ये हे १२० व्या आवृत्तीपासून आणि सफारीत १६.४ पासून आहे, क्रोममध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून. जुन्या ब्राउझरसाठी ते आहे का हे आधी तपासा. फॉल्स असताना विंडो अडली तर दोष तुमच्या कोडच्या क्रमाचा. ट्रू असूनही अडली तर ग्राहकाची सेटिंग, एक्स्टेंशन, सँडबॉक्स किंवा वेबव्ह्यू. सफारीत हा निष्कर्ष जरा सैल धरा, कारण तिथे पॉपअपचे नियम या किंमतीपेक्षा कडक आहेत. आठवडाभर हा लॉग जमवला की पुढचा वाद संपतो.

आता उपाय. कोणता निवडायचा हे त्या विंडोत काय उघडायचंय यावर ठरतं.

शक्य असेल तर मला सगळ्यात पसंत आहे तो मार्ग असा: बाहेरचा पत्ता आधी मागवूच नका. क्लिकवर लगेच तुमच्याच साइटचा एक पत्ता नव्या विंडोत उघडा, ज्यात ऑर्डरचा क्रमांक असेल. तो पत्ता आल्यावर सर्व्हर पेमेंटची तयारी करेल आणि ३०२ रीडायरेक्टने पुढे पाठवेल. ब्राउझरमध्ये वाट बघणं उरतच नाही, म्हणून ॲक्टिव्हेशनचा प्रश्नही उरत नाही. सर्व्हरला वेळ लागला तर नव्या विंडोत ब्राउझरचं नेहमीचं लोडिंग दिसतं. फक्त हा पत्ता दोनदा उघडला गेला तर दोन व्यवहार तयार होऊ नयेत, याची काळजी सर्व्हरवर घ्या. गेट रिक्वेस्टने काही तयार करणं नको असेल तर फॉर्म वापरा: आधी ठरावीक नावाने कोरी विंडो उघडा, ती मिळाली का बघा, मग फॉर्मच्या टार्गेटमध्ये तेच नाव देऊन फॉर्म सबमिट करा. नुसतं फॉर्मला टार्गेट ब्लँक (‘नव्या टॅबमध्ये उघड’) देऊन कोडने सबमिट केलं तर परत काहीच मिळत नाही, त्यामुळे अडलं की नाही हे कळायला मार्ग नसतो.

सर्व्हरमध्ये बदल करणं तुमच्या हातात नसेल तर कोरी विंडो आधी उघडण्याचा मार्ग आहे. हँडलरची पहिली ओळ: रिकाम्या पत्त्याने विंडो.ओपन. दुसरी: तपासणी. अडली असेल तर इथेच वेगळ्या वाटेला लागा. उघडली असेल तर तिच्यात ‘पेमेंटचं पान उघडत आहे, कृपया थांबा’ एवढा मजकूर टाका. टेक्स्टकंटेंट वापरा. कोरं पान तुमच्या पानाचं कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी सोबत घेऊन येतं, त्यामुळे त्यात इनलाइन स्टाइल किंवा स्क्रिप्ट लिहिलीत तर ती तुमच्याच नियमांनी अडू शकते. मग फेच करा, त्याला १५ सेकंदांची मर्यादा घाला. उत्तर आलं की आधी विन.क्लोज्ड बघा, कारण कोरं पान बघून बरेच लोक टॅब बंद करतात. उघडी असेल तर विन.लोकेशन.रिप्लेस करून पत्ता द्या. फेच फसलं तर विन.क्लोज करा आणि चूक मूळ पानावर दाखवा. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते आणि ग्राहकाकडे एक पांढरा टॅब कायमचा ‘कृपया थांबा’ म्हणत राहतो.

बटण फॉर्मच्या आत असेल तर त्याचा टाइप बटण असा लिहा किंवा प्रिव्हेंटडिफॉल्ट करा. नाहीतर विंडो उघडते आणि त्याच वेळी मूळ पान सबमिट होऊन निघून जातं, मग फेचचं उत्तर घ्यायला कोणी उरत नाही.

या मार्गाची एक मर्यादा आहे. नवा टॅब पुढे आला की मूळ पान मागे जातं. मागच्या टॅबमधले टायमर ब्राउझर सावकाश चालवतात, सेकंदाला एकदा एवढेच, आणि क्रोम तर पाचेक मिनिटांनी काही टायमर मिनिटाला एकदाच चालवतं. डेस्कटॉपवर फेच त्याने थांबत नाही, पण फोनवर मागचं पान थिजवलं जाऊ शकतं. म्हणूनच सर्व्हरच्या रीडायरेक्टचा मार्ग वरचा.

फोनवर आणि वेबव्ह्यूमध्ये तर नव्या विंडोचा हट्टच सोडावा असं माझं मत आहे. पेमेंट त्याच टॅबमध्ये उघडा आणि परत यायचा पत्ता द्या. फोनवर रुंदी-उंची दिली तरी शेवटी टॅबच उघडतो, मग फायदा काय? आणि उघडायची गोष्ट तुमच्याच साइटवरची असेल, एखादा छोटा फॉर्म किंवा अटी-शर्ती, तर डायलॉग एलिमेंट (त्याच पानावर उघडणारी चौकट) वापरा. त्याला कोणी अडवत नाही.

अडवलं गेलं हे कळल्यावर ग्राहकाला काय दाखवायचं? सेटिंगचे धडे नकोत. क्रोममध्ये ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह येतं, फायरफॉक्समध्ये पानाच्या वर पट्टी येते, सफारीत पुन्हा वेगळं, आणि आवृत्तीगणिक जागा बदलतात. त्याऐवजी तिथेच एक खरी लिंक दाखवा: ‘पेमेंटचं पान आपोआप उघडलं नाही. ते इथे उघडा.’ खरी म्हणजे अँकर टॅग, त्यात खरा पत्ता आणि टार्गेट ब्लँक. माणसाने स्वतः लिंकवर केलेलं क्लिक ब्राउझरचा पॉपअप ब्लॉकर अडवत नाही. या संदेशाला रोल अलर्ट द्या म्हणजे स्क्रीन रीडरवरही तो ऐकू येतो. सँडबॉक्समधल्या आयफ्रेममध्ये मात्र टार्गेट ब्लँकची लिंकही अडते. तिथे पत्ता कॉपी करायची सोय द्या किंवा आयफ्रेम टाकणाऱ्याशी बोला.

आता एक गंमत बघा. ग्राहकाने क्रोममधल्या त्या चिन्हावर जाऊन अडवलेला पॉपअप स्वतः उघडला तर विंडो उघडते, पण तुमच्या व्हेरिएबलमध्ये नल आहे तो नलच राहतो. लिंकवरून उघडलेल्या टॅबचंही तेच: टार्गेट ब्लँक आता आपोआप नोओपनर धरला जातो, क्रोममध्ये ८८ पासून, फायरफॉक्समध्ये ७९ पासून. म्हणजे पेमेंट झालं की नाही हे विनच्या भरवशावर ठरवणं मुळातच कच्चं आहे. खरी स्थिती सर्व्हरला विचारा. पेमेंटनंतर ग्राहक तुमच्या ज्या पानावर परत येतो त्या पानाने ब्रॉडकास्टचॅनलवरून (एकाच साइटच्या टॅबांमध्ये निरोप देण्याची सोय) मूळ पानाला ‘आता विचार’ एवढं कळवायचं, आणि मूळ पान पुन्हा पुढे आलं की व्हिजिबिलिटीचेंजवरही एकदा विचारून घ्यायचं.

विन.क्लोज्डवर विसंबण्याचा आणखी एक धोका आहे. पेमेंट किंवा लॉगिनच्या पानाने क्रॉस-ओरिजिन-ओपनर-पॉलिसी हा हेडर सेम-ओरिजिन असा पाठवला तर दोन विंडोंचं नातं तोडलं जातं आणि तुमच्याकडे विन.क्लोज्ड लगेच ट्रू दिसू लागतं, समोर विंडो ढळढळीत उघडी असली तरी. मी वर सांगितलेला ५०० मिलिसेकंदांचा फेरतपास इथे फसतो, म्हणून त्याच्यावर कधीही व्यवहार रद्द करू नका. त्याने फक्त ती लिंक दाखवा. तुमच्याच पानावर तो हेडर असेल तर सेम-ओरिजिन-अलाऊ-पॉपअप्स केल्याने तुमच्या बाजूची अडचण मिटते. समोरच्या पानाचा हेडर तुमच्या हातात नाही.

पान उघडताक्षणी एक चाचणीचा पॉपअप उघडून ‘ब्लॉकर आहे का’ बघणारेही कोड सापडतात. ते करू नका. त्या वेळी ॲक्टिव्हेशनच नसतं, त्यामुळे साध्या सेटिंगवरच्या प्रत्येक ब्राउझरमध्ये उत्तर ‘अडवलं’ असंच येणार, आणि ज्याने परवानगी दिली आहे त्याच्यासमोर एक विंडो उगाच चमकून जाणार. परमिशन्स एपीआयमध्येही पॉपअपबद्दल विचारायची सोय नाही. खरं क्लिक आल्यावरच कळतं, त्याआधी नाही.

शेवटी तपासणीबद्दल, कारण तुमच्या टेस्ट पास होतात आणि तक्रारी तरीही येतात असंही तुम्ही लिहिलंय. टेस्टसाठी ब्राउझर आपोआप चालवणारी साधनं, म्हणजे क्रोमड्रायव्हर (सेलेनियम क्रोम चालवतं ते यातून), पपेटीयर आणि प्लेराइट, तिन्ही क्रोम सुरू करताना डिसेबल-पॉपअप-ब्लॉकिंग हा स्विच स्वतःहून लावतात. म्हणजे तुमच्या टेस्टमध्ये ब्लॉकर कधी चालूच नव्हता. सेलेनियममध्ये एक्सक्लूडस्विचेस आणि बाकी दोघांत इग्नोरडिफॉल्टआर्ग्ज वापरून तो स्विच काढा. डेव्हटूल्सच्या कन्सोलमध्ये विंडो.ओपन लिहून बघणंही कामाचं नाही. तिथे चालवलेला कोड माणसाची कृती धरण्याची सेटिंग मुळात चालूच असते. ब्रेकपॉइंटवर थांबलात तर उलटा घोळ होतो: तुम्ही ओळी वाचेपर्यंत मुदत संपते आणि बरोबर लिहिलेली विंडोही अडते.

हाताने तपासताना नवा प्रोफाइल घ्या, कारण रोजच्या प्रोफाइलमध्ये तुम्ही कधीतरी या साइटला परवानगी देऊन ठेवलेली असते. नेटवर्क मुद्दाम हळू करा किंवा सर्व्हरच्या उत्तरात ८ सेकंदांचा उशीर घाला, आणि क्रोम, फायरफॉक्स, मॅकवरचं सफारी आणि खरा आयफोन अशा चारही ठिकाणी तेच बटण दाबून बघा. आत्ताचा कोड या चारही ठिकाणी अडायला हवा. एखाद्या ठिकाणी उघडलाच तर आधी तिथली परवानगी तपासा.